आजचा फळा

पत्र्या मारुतीच्या मागं, बोळ जिथं वळतो
आणि रिक्षा वळत नाही,
तिथं भामाताई ढेब्यांची खानावळ. टेबलं सहा.
सहाव्याचा एक पाय आखूड, त्याखाली
चालू घडामोडींचा जुना अंक.

छापील मेनू नाही. दारातच शेगडी, शेगडीशेजारी फळा.
वेल्ह्याहून दुधाच्या टेम्पोत जे येईल
ते रोहिदास, त्यांचा धाकटा, दहाच्या सुमाराला लिहायचा:

वांग भरीत
कुर्डूची भाजि
पीठल
भाकरी ज्वारी नाचनी विचारा

मी छत्तीस वर्षं प्रुफं वाचली.
लोकांना आधी वास येतो, मला वेलांटी दिसते.
ताट येईस्तोवर मनातल्या मनात
पिठल्याची ऱ्हस्व करायचो, भाजीची दीर्घ,
वांग्याला एक टिंब द्यायचो, वर पाण्याचा घोट,
आणि मग जेवायचो. रोज.

रात्री साडेआठनंतर एकेक ओळ जायची.
पुसायचा नाही तो. आडवी रेघ मारायचा,
म्हणजे उशिरा येणाऱ्याला कळावं
आपलं काय हुकलं.
अभ्यासिकेतून सुटलेली पोरं रेघेखालचं वाचत
आमटी-भात मागवायची.
कंधारचा मुंजाजी, तिसरी पूर्वपरीक्षा, एकदा म्हणाला,
मावशी, भारंगी म्हणजे कशी असते?
कडू, मी म्हणालो.
खाऊन सांग, भामाताई म्हणाल्या.
खाल्ली. कडू आहे, म्हणाला,
आणि वाटी पुढं केली.

गणपती उठले आणि रोहिदास चाकणला लागला.
रात्रपाळी, कंपनीची बस, निळा शर्ट.
फळा कोरा राहिला एक दिवस. दुसऱ्या दिवशीही.
लोक बोळाच्या तोंडाशी येऊन बघायचे
आणि बंद समजून जायचे.
तिसऱ्या दिवशी भामाताईंनी खडू माझ्यापुढं धरला:
तुमचं आयुष्य यातच गेलं ना?
माझे हात पिठात आहेत.

मी लिहिलं. सुवाच्य, समान अंतर राखून:

वांग्याचे भरीत
कुर्डूची भाजी
पिठले
भाकरी, ज्वारीची अथवा नाचणीची

'अथवा'पाशी भामाताई जरा थांबल्या.
बोलल्या काही नाहीत.
मुंजाजी पायरीवर अडला, वाचलं, पुन्हा वाचलं.
मावशी, हॉटेल दुसऱ्याला चालवायला दिलं का?

नऊला रोहिदासचा फोन. जेवणाची सुट्टी.
फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला,
मागं कसलंतरी यंत्र धापा टाकत होतं.
फळा कुणी लिहिला, त्यानं विचारलं. मी म्हणालो, मी.
काय काय लिहिलं? मी वाचून दाखवलं, विरामचिन्हांसकट.

काका, पिठल्याची वेलांटी अलीकडं काढू नका.
ती मीटरच्या पेटीआड जाते.
रस्त्यावरून 'पठले' दिसतं.
आणि भाजीची पलीकडं नको, तिथं चौकट संपते.
आमच्याकडं नाचनीच म्हणतात, पण ते तुम्ही बघा.

आणि टिंबं? मी विचारलं.
टिंबं कशाला, तो म्हणाला,
फोडणी तडतडली की पडतात.

रस्त्यावर जाऊन पाहिलं. पठले.
फळ्यावर मोहरीचे तेलकट ठिपके, पाच-सहा,
एकही नेमक्या जागी नाही.
बाहीनं पुसलं आणि
त्याच्यासारखं लिहायला गेलो तर
हात दोनदा अडला. 'भाजि'ला जास्त.

दहापर्यंत सगळ्या ओळींवर रेघा मारून झाल्या,
रेघा सरळ आल्या, तेवढं माझं.
मग भामाताईंनी पिठल्याची कढई उलथन्यानं खरवडली,
निम्मी खरवड स्वतःला, निम्मी मला.
वर ताक, शिळ्या भाकरीचा तुकडा.
ही फळ्यावर कधी नसते.
हाताला खडू होता. तसाच खाल्ली.