लांबी

बजेट पंच्याऐंशी हजार, टोइंग धरून.
ऊर्मीने ते वहीच्या मागच्या पानावर लिहिलं,
एका अर्धवट समीकरणाखाली,
आणि दोनदा अधोरेखित केलं.

"स्पोर्ट्स कार म्हणजे छत उघडणारी," ती म्हणाली.
"म्हणजे दोन दारांची," मी म्हटलं.
दोन दारांवर जमलं.
वर्षभरात इतक्या लवकर आमचं
कशावरच जमलं नव्हतं.

निघताना मी फ्रीजवरचं चुंबक काढलं, पिझ्झावाल्याचं.
त्याच्यामागचं लाइट बिल खाली पडलं.
"हे कशाला?"
"पत्रा कुठे संपतो
आणि लांबी कुठे सुरू होते, ते कळतं."
"कसली लांबी?"
"गंजाची भोकं बुजवायचा लगदा. वरून रंग मारला
की बघणाऱ्याला पत्राच वाटतो."
ती काही बोलली नाही. चुंबक मात्र
स्वतःच्या खिशात टाकलं.

कोथरूडला लाल सॅन स्टॉर्म, दोनच सीटांची.
ऊर्मीने दाराला चुंबक लावलं, टपकन पडलं.
बोनेटवरून पडलं. मडगार्डवरून पडलं.
"आई, ही अख्खी गाडीच लांबी आहे!"
"फायबर आहे ते," मालक म्हणाले,
आणि दीड लाखावरून एक रुपया
उतरले नाहीत.

हडपसरला फर्निचरच्या गोदामामागे काँटेसा.
दारं चार, तरी बघून घेऊ म्हटलं.
चुंबक सगळीकडे घट्ट,
आत मात्र कुठल्याशा टेम्पोचं इंजिन.
ऊर्मी बराच वेळ वाकून बघत राहिली.
परतताना स्कूटरवर, माझ्या पाठीमागून:
"तिला कुणी विचारलं पण नसेल."

मग खडकी. दारूगोळा कारखान्यातून निवृत्त
मुदलियार काका, आणि ताडपत्रीखाली हेराल्ड,
दोन दारांची, फिकट निळी,
वायपरमध्ये शेवग्याची वाळलेली पानं.
नव्वद सांगितले.
ऊर्मी खडू घेऊन गुडघ्यावर बसली,
चुंबक जिथे सुटेल तिथे वर्तुळ.
अकरा.
काकांनी मोजली, म्हणाले नऊ.
तिने बोट धरून पुन्हा मोजून दाखवली.
"एका वर्तुळाचे दोन हजार कमी," ती म्हणाली.
काका इतके हसले की खोकला लागला.
अडुसष्ट.

पैसे मोजून झाल्यावर त्यांनी बोनेट उघडलं.
नुसतं बोनेट नव्हे, गाडीचं सगळं नाक
पुढे कलंडलं, दोन्ही चाकं उघडी.
"इथे बसून करायचं काम.
एक जण ह्या चाकावर, एक त्या.
माझा रवी डावीकडे बसायचा."
रवी आता कुठे असतो,
ते आम्ही विचारलं नाही.

भोसरीच्या गेज रूममध्ये माझी बावीस वर्षं गेली.
पास, रिजेक्ट, पास. हजारावा भाग मिलिमीटरचा.
घरी येतानाही डोळा तसाच असतो,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
सांगितलं असेल. ऊर्मीनेच, दार आपटून.

पार्किंगमध्ये पहिली संध्याकाळ.
सेक्रेटरींची नोटीस आधीच काचेवर.
ती डाव्या चाकावर, मी उजव्या,
मधे थंडगार इंजिन, त्यावर एक मेलेली पाल.
"बारा नंबर दे."
दिला.
"जात नाही."
"तेरा बघ."
"सैल आहे. गोल फिरतोय."
आणि मग त्याच आवाजात, बोल्टकडेच बघत,
"आई, मी फिजिक्सच्या क्लासला जात नाहीये.
तीन आठवडे झाले."

वरच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर
एक शिट्टी देऊन थांबला.
माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं,
फी, बारावी, तुझे बाबा काय म्हणतील.
बोल्टच्या डोक्यावर अंगठा ठेवला,
बारा आणि तेराच्या मधलं काहीतरी
अंगठ्याला लागलं.

"ही इंचातली गाडी आहे," मी म्हटलं.
"आपल्याकडचं एकही माप हिला लागणार नाही.
अर्ध्या इंचाचा पाना पाहिजे.
रविवारी जुन्या बाजारात मिळेल."
"आज गुरुवार आहे."
"हो."

ती चाकावरून उतरली नाही.