रोदेलची वही

हवल्लीत, शिंप्याच्या दुकानामागे,
जिथे इस्त्रीच्या वाफेने भिंतीला बुरशी धरते,
तिथे शुक्रवारी असरनंतर आम्ही जमतो.
पाचजण. आता चार.

टेबलावर सखर.
राखाडी कीबोर्डाच्या पोटातच सगळा संगणक,
एकेका बटणावर दोन लिप्या:
एक डावीकडून निघते, एक उजवीकडून,
बोट मात्र दोघींवर एकदमच पडतं.
बनवणाऱ्यांनी तो बनवणं केव्हाच सोडलं,
सुटे भाग मागावेत असं एकही दार उरलं नाही.
म्हणजे दार आता आम्हीच.

आबला बद्रिया याच्यावर मुलींना बेरजा शिकवायची,
तिला त्याच्या सगळ्या खोड्या पाठ.
अबू निझारकडे बुटांच्या खोक्यांत एकशे बारा कॅसेट,
घरं सात बदलली, खोकी तीच.
सजिमोन एसीवाला. डिस्कच्या खणातला रबरी पट्टा
दर उन्हाळ्यात काकवी होऊन ओघळतो,
तो नवा कापून आणतो, कशातून ते सांगत नाही.
आणि मी, देवरुखची, सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढणारी.
मला यातलं काही येत नव्हतं.
चहा आणायचे.
एकदा रात्रपाळीत एका बंद कार्ट्रिजचा फोटो काढून आणला,
तेव्हापासून मला खुर्ची मिळाली.

डाख द्यायचं काम रोदेलचं.
त्याचा इकामा पुढे सरकला नाही.
तीस दिवस, दोन बॅगा, वजन तेवीस किलो,
आणि डाखणी बॅगेत बसूनही त्याने बाहेर काढली,
वहीसकट टेबलावर ठेवली.
"हिला इथलं व्होल्टेज मानवतं," म्हणाला.

वही त्याच्या भाषेत.
फोनवर तो एकेक पान समजावतो,
मागे रात्रीही आरवणारा कोंबडा.
आबला समासात अरबीत लिहिते, सजिमोन मल्याळममध्ये,
अबू निझार काहीच लिहीत नाही, तोंडपाठ करतो;
कागदावरचं मागे राहतं, असा त्याचा अनुभव.
मी मराठीत लिहिलं:
"टोक किती वेळ टेकवायचं?
पेशंटला श्वास रोखायला सांगतो, तेवढाच."

आज बाहेर धुळीने आभाळ विटकरी,
आत फुगलेला कपॅसिटर, दोन पाय, माझी पाळी.
रोज चाळीस छात्यांना सांगते, ला ततनफ्फस,
आज स्वतःला सांगितलं.
धूर. रोजिनचा वास.
एक थेंब चकाकला आणि लगेच मंद झाला.
मंद व्हायला नको होता. पुन्हा दिला.

पडदा लागला.
हिरवा पिवळट येतोय, ते पुढच्या शुक्रवारी.
अबू निझारने कॅसेट घातली,
अकरा मिनिटांची ती किरकिर,
आबलाने डोळे मिटून ऐकली, जणू हजेरी घेतेय.

आमच्यात आबला सोडून
कुणाचाच कागद कायमचा नाही.
आणि आबलाचा मोतीबिंदू पिकत चाललाय.
हे कुणी बोललं नाही.

नवव्या मिनिटाला शिंप्याचा पोऱ्या इमदाद
पडद्याआडून डोकावला, हातात प्लग:
"इस्त्री लावू?"

फ्यूज उडतो इथे.
आम्ही चौघे चार भाषांत ओरडलो, नको!
आणि पाचव्या भाषेत,
टेबलावर उताणा पडलेला फोन.