पहारा

फोन सगळे बिस्किटांच्या डब्यात,
डबा माझ्या उशाशी.
साइमा सरोवरावर रात्रीचे दोन, आणि उजेड
अजून जायचं नाव घेत नाही.

सकाळी लुमीने विचारलं होतं,
देव ऐकतो म्हणजे नेमकं कधी?
मी बटाटे सोलत राहिले.
सतरा उन्हाळे इथे येते, बिनपगारी,
उत्तर काही तोंडपाठ झालं नाही.

आता डब्यात एक फोन थरथरतोय,
पत्र्यात गांधीलमाशी अडकावी तसा.
‘आई’. तिसऱ्यांदा.
पास्टर किर्सीचा नियम: सकाळपर्यंत नाही.

डबा काखोटीला मारून,
अंगाला साउनाचा धूर, पायांना डास,
मुलींच्या खोलीपाशी येते.

दार आधीच उघडं.
लुमी पलंगाच्या कडेवर,
बूट घातलेले,
नाड्या बांधायच्या राहिलेल्या.