सोमवारचा सूट

सोमवारी सकाळी आई टेबलावर खाकी कागद पसरायची,
तळहाताने त्याच्या जुन्या घड्या दाबायची,
आणि बाबांचा सूट त्यात असा निजवायची
जसा काही त्याला ताप आहे.
काळपट निळा. एकच. लग्नातला.
मग सुतळी, मग गाठ, मग माझ्याकडे वळून,
"ऑलिव्ह, मागच्या बोळातून जा.
पुढून गेलीस तर एंट्विसलबाई बघतील."

मी मागच्या बोळातून जायचे.
कोळशाच्या कोठ्या, संडासांची हिरवी दारं,
डोक्यावर साऱ्या गल्लीच्या ओल्या चादरी.
आणि तिथेच, दर सोमवारी,
काखेत खाकी पुडकं दाबून
एंट्विसलबाई.
"हवा बरी आहे," त्या म्हणायच्या.
"हो, बरी आहे," मी म्हणायचे.
हवा कधीच बरी नसायची.
ओल्डहॅमचं आकाश तेव्हा
भांडी विसळलेल्या पाण्याच्या रंगाचं होतं.

लॉमॅक्सच्या दुकानावर तीन पितळी गोळे टांगलेले.
धाकट्या क्लेमला वाटायचं, आत सर्कस आहे.
लॉमॅक्स पुडकं सोडायचासुद्धा नाही,
पाव ताजा आहे का बघावं तसं अंगठ्याने दाबायचा,
"एनॉकचा सूट," म्हणायचा, चिठ्ठी फाडायचा.
बारा शिलिंग.
त्यात भाडं, त्यात गॅसच्या मीटरची भूक,
आणि चुकून उरलंच काही, तर बुधवारी चिप्स,
व्हिनेगरने भिजलेल्या वर्तमानपत्रात.
क्लेम आधी बातमी वाचायचा, मग चाटायचा.

शुक्रवारी गिरणीचा भोंगा, भोंग्यानंतर पगार,
पगारानंतर सूट घरी.
रविवारी तो घालून बाबा चॅपलला निघायचे
तेव्हा मान अशी ताठ, जणू शिंपी अजून माप घेतोय.
भुवयांत कापसाचे तंतू राहिलेले असायचे,
छातीतही असणार.
खोकताना ते एका हाताने कोटाची बटणं धरायचे.

लोक म्हणतात, तेव्हा दारं सताड उघडी असायची.
असायची.
आमच्या घरातली चोरण्याजोगी एकुलती एक वस्तू
सोमवार ते शुक्रवार दुसऱ्याच्या दुकानात असायची.

बाबा गेले ते एका बुधवारी.

विम्याच्या पैशात पेटी बसत होती, घोडे बसत नव्हते,
आई बोटांवर काहीतरी पुन्हा पुन्हा मोजत होती,
आणि सूटचं कुणीच काढत नव्हतं.
तेवढ्यात पुढचं दार वाजलं.
पुढचं दार आमच्याकडे कुणी वाजवत नसे.
बाहेर लॉमॅक्स, हॅट काढलेली,
भर दुपारी, भर गल्लीतून चालत आलेला,
हातावर सूट. कागदात नव्हे.
इस्त्री केलेला.
"चिठ्ठी राहू दे, हिल्डा," एवढंच बोलला,
आणि पायरीवर पाय पडू नये म्हणून
जरा लांब ढांग टाकून खाली उतरला.
समोर एंट्विसलबाई,
ज्यांच्या नजरेतून मांजर सुटत नसे,
सकाळीच लख्ख घासलेला आपला उंबरठा
खाली मान घालून पुन्हा घासत होत्या.

पुढच्या सोमवारी आईने टेबलावर कागद पसरला.
तळहाताने घड्या दाबल्या.
"ऑलिव्ह," म्हणाली,
आणि पुढे काहीच म्हणाली नाही.
केटली उकळून उकळून कोरडी झाली.

आता तिथे मोटारी उभ्या राहतात.
आमचं स्वयंपाकघर कुठल्या पांढऱ्या पट्ट्यांमध्ये येतं
ते मी एकदा पावलं मोजून शोधत होते,
तर एका मुलाने विचारलं, आजी, गाडी हरवली का?

कागदाचं सांगायचं राहिलं.
आईने तो कापून आमच्या वह्यांना कव्हरं घातली.
माझ्या भूगोलाच्या वहीवर एक घडी आली होती,
तिरकी, काही केल्या न मोडणारी.
खांद्याची.
वर्षभर तिच्यावर मनगट टेकून
मी नद्या काढल्या.