अर्धा नकाशा

सिंदेवाहीच्या भूमी अभिलेखात
प्रिंटर नकाशा अर्ध्यातच सोडतो.
बोडी येते, बोडीची पाळ येते,
पाळीखालच्या बांध्या येत नाहीत.
पडद्यावर फक्त एक ओळ : मेमरी अपुरी.

ब्रह्मपुरीहून उईके आला. झाकण उघडून म्हणाला,
बाई, एवढ्याशा जागेत तीन वाटेकरी.
एक येणारं पान, एक छापायचं पान,
तिसरे फॉन्ट.
ते रोज सकाळी आधी चढून बसतात.

सात निघाले. त्यातला एक वेलबुट्टीचा,
आधीच्या बाबूनं पोरीच्या लग्नपत्रिकेसाठी घातलेला.
पोरगी आता गोंडपिपरीला, दोन लेकरांची आई.
तो मी सगळ्यात शेवटी काढला.

"म्हंजे पोटहिस्सेच ना," डोमाजी म्हणाला.
तीस वर्षं त्यानं मोजणीची साखळी ओढली.
"तुमी दुपारात केलं.
निकुरे भावाइले सोळा वर्स लागले."

मग पान सरकत आलं, कोमट.
बांध्या, नाला, गट नंबर एकशे बारा.
डोमाजीनं कोपऱ्यावर बोट ठेवलं :
"अठी मोहाचं झाड होतं.
हद्द त्याले वळसा घालून जाये."

दुसरी प्रत निघता निघता लाइन गेली.
"झालं, त्याच्या पोटातलं सारं पुसलं," उईके म्हणाला.
"लाइन आली की पुन्हा पाठवा."

डोमाजी अर्ध्या उजेडात सांगतच होता,
झाड कोणी तोडलं, कोणत्या साली,
फांद्या कोणाच्या चुलीत गेल्या.
पाठकोऱ्या कागदावर मी
मोह एवढंच लिहिलं.
बाकीचं कुठं ठेवू, कळेना.