भिजत घातलेला वेत

देवळाली कॅम्पातलं एक आरोग्यभवन बंद झालं,
त्याच्या लिलावातून आणली ही आरामखुर्ची.
साडेतीनशे रुपये, वर टेम्पोचे दोनशे.
तू म्हणालास, आजाऱ्यांची खुर्ची आजाऱ्याकडेच आली,
हिची नुसती बदली झालीय.
एसटीच्या डेपोत हजेऱ्या लिहिण्यात जन्म गेला तुझा,
बदली हाच शब्द जिभेवर आधी येतो.

मंगळवार, गुरुवार, शनिवार गंगापूर रोडला मशीन.
उरलेले दिवस खुर्चीचे,
असं मी ठरवलं होतं.
उरलेले दिवस निघाले झोपेचे, उलटीचे,
पाय सुजलेत का ते बोटानं दाबून बघण्याचे,
आणि मधल्या फटीत, पाऊण तास,
सिडकोतल्या आपल्या गॅलरीत, खुर्चीचे.

आधी रंग काढला. चॉकलेटी,
त्याखाली दवाखान्याचा हिरवा,
त्याखाली काळा पडलेला चपडा.
पॉलिश पेपर ऐंशी नंबर, एकशेवीस, दोनशेवीस,
तेव्हा कुठे सागवान दिसलं,
दूध कमी पडलेल्या चहासारखं.
मोठ्यानं म्हणाले आणि जीभ चावली.
तुझा अर्धा कप सकाळीच संपला होता.

बोहरपट्टीतला हकीमभाई विचारतो, कारागीर कोण?
मीच, म्हणते मी.
तो वेताचं भेंडोळं काट्यावर टाकतो,
मापापेक्षा जरा जास्त देतो
आणि पेशंट कसा आहे ते विचारत नाही.
म्हणून त्याच्याच दुकानात जाते.

विणायच्या आधी वेत भिजवावा लागतो.
कोमट पाणी, अर्धा तास, बादलीत.
तू पलंगावरून बादलीकडे बघत होतास.
तुला दिवसाला सातशे मिली,
गोळ्यांचे घोट त्यातच, वरणाचं पाणीही त्यातच,
फ्रीजवरच्या बाटलीला माझ्या हातच्या रेघा.
मी बादली उचलून मोरीत नेली.
आण इकडे, म्हणालास,
कुणीतरी पोटभर पिताना बघू दे.

एका शनिवारी मशीनवरच तुझं प्रेशर पडलं.
घरी येऊन तू झोपलास
आणि मी मागचा पाय बसवायला घेतला.
खुंटी जाईना.
मी हातोडी मारत राहिले.
खुंटीला मारत नव्हते, हे मला कळत होतं,
भिंतीपलीकडे कुमुदिनीकाकूंनाही कळलं असेल.
पाय उभा चिरला, वीतभर.
आतून तुझा आवाज आला नाही.
तू जागा होतास.

सकाळी चिरेत सरस भरला.
आवळायला शिकंजा नाही,
तर तू तुझ्या हाताचं क्रेप बँडेज पुढे केलंस,
धुतलेलं, कडेला डाग राहिलेलं.
फार घट्ट नको, म्हणालास, नस बंद होईल.
लाकडाला कुठली नस?
तू तरीही एक वेढा सैल केलास.

तुझ्या डाव्या मनगटाच्या वर
डॉक्टरांनी नस नसेला जोडलीय.
तळवा ठेवला की आत घरघर लागते,
चालू गिरणीच्या भिंतीला हात लावावा तशी.
दिवसातून एकदा बघा, म्हणाले होते.
मी तीनदा बघते. शेवटचं,
दिवा घालवल्यावर.

चौकटीला भोकं किती?
तू म्हणतोस त्र्याऐंशी, मी ब्याऐंशी,
यावर आपण दोन दिवस बोललो नाही,
म्हणजे जेवण आणि औषधं सोडून.
(चौऱ्याऐंशी निघाली.)

उभे पदर झाले, आडवे झाले.
तिरक्या पदराला तू खाली बसलास, उशी घेऊन.
मी वरून ओवते, तू खालून ओढतोस.
सात-आठ मिनिटं.
मग तुझी बोटं थांबतात
आणि टोक तसंच लोंबतं चौकटीखाली.
लोकांचं भिजत घोंगडं, आपला भिजत वेत, म्हणतोस
आणि माझ्या खांद्याला धरून उठतोस.

उद्या मंगळवार. टोक वाळून कडक होईल.
परवा बादली भरायची.