बारावी चौकट

मरोळच्या चौथ्या मजल्यावर, एसीच्या गारठ्यात,
शर्विलने माझी नामी मला दाखवली.
"मॅडम, काही केलं नाही, नुसता स्लायडर सरकवला."
डावीकडे जुनी, उजवीकडे नवी,
मध्ये एक पांढरी रेघ, भांगासारखी.

उजवीकडच्या नामीला पापण्या होत्या,
एकेक मोजता येईल अशा.
गालांवर रंध्रं, ओठांवर कसलासा ओलावा,
डोईच्या फडक्याला जरीची चमक.
मिठागरावर. भर वैशाखात.

मी तिला चेहरा दिलाच नव्हता.
चौसष्ट बाय चौसष्टच्या तुकड्यात
फडकं गुंडाळलं, आणि डोळ्यांच्या जागी
काळ्याचे दोन ठिपके, तेही सारखे नाहीत.
भांडुपच्या मिठागरावर दुपारी उभं राहून बघा,
तिथे कुणालाच चेहरा नसतो.
उजेडच इतका खारट
की बघणारा आपणहून डोळे मिटतो.

म्हणून जमीन कोरी सोडली होती.
पांढरी. नुसती पांढरी.
यंत्राला वाटलं, राहून गेलंय बिचारीचं;
त्याने मायेनं भरून काढलं,
खडे, भेगा, कण न् कण, दर कणाची वेगळी सावली.
आता तिथे कुणाचे डोळे दिपत नाहीत.
सुंदर आहे. खोटं कशाला बोलू,
ती रास बघून क्षणभर माझीही जीभ खारावली.

मग शर्विलने तिला चालवलं.

इथे थोडं मागचं सांगावं लागेल.
तेव्हा आम्ही घाटकोपरला, पंपांच्या दुकानावरच्या पोटमाळ्यात,
मी आणि नौशाद काझी, दोन मॉनिटर, एक टेबलफॅन.
फोन बटणांचे, मेमरी चिमूटभर.
नामीच्या चालीला हव्या होत्या बारा चौकटी,
मावल्या अकरा.
नौशादने रात्रभर घासाघीस केली,
बगळ्याचा एक पंख छाटला, भरतीची एक लाट कमी केली,
तरी बारावी दाराबाहेरच.
ती नसल्यामुळे नामी दर फेरीला
डाव्या पायावर किंचित अडायची.

पहिल्या दिवशी आम्ही त्याला चूक म्हणालो.
दुसऱ्या दिवशी नौशाद म्हणाला, "हिच्या टाचेला चीर गेलीय."
तिसऱ्या दिवशी मी त्या टाचेवर
एक तांबडा ठिपका ठेवला. एकच.
कुणाला दिसला असेल असं वाटत नाही.
आम्हाला दिसायचा.
त्यानंतर तिच्या पाटीतलं मीठ
आम्ही दोनदा हलकं केलं.

आता ती चालते
पाण्यावर तेल सरकावं तशी.
सेकंदाला साठ चौकटी. बारावी मिळाली,
तिच्यामागून तिची सगळी भावंडं आली.
टाच स्वच्छ, गुलाबी, नुकती धुतलेली.
तांबडा ठिपका यंत्राने डाग समजून पुसला.

फॉर्मवर एक रकाना आहे, लाल चांदणीचा, भरल्याशिवाय पुढे जात नाही:
"कलाकाराचा मूळ हेतू", एकशेवीस अक्षरांत.
काय लिहू?
हेतू नव्हता, जागा नव्हती, असं?
की जागा नव्हती म्हणून हेतू आला,
दहा बाय दहाच्या खोलीत
खाटेखाली स्वयंपाकाची भांडी येतात तसा,
आणि मोठ्या घरात गेल्यावरही
हात खाटेखालीच जातो?
बाई, हे एकशेवीसात बसत नाही.

नौशाद शारजाला असतो. एरवी
उत्तर दोन दिवसांनी देतो.
आज लगेच आलं: "लंगडते का अजून?"

मी रकान्यात लिहिलं: तिचा पाय दुखतो.
फॉर्म म्हणाला, कृपया अधिक तपशील द्या.

शर्विल माझ्या खांद्यावरून वाचत होता.
त्याचा जन्म आणि नामीचा एकाच सालातला.
मला वाटलं, हसेल.
"कुठला पाय?" त्याने विचारलं.
"डावा."
त्याने खुर्ची ओढली, चाल थांबवली,
आणि एकेक चौकट मागे नेत
पुटपुटत मोजायला लागला.